बिनचेहऱ्याच्या माणसाचा दिवस

शू बिंग या चिनी चित्रकाराच्या ‘बुक फ्रॉम द ग्राउंड’ या पुस्तकात एकही अक्षर नाही. विरामचिन्हं आहेत, आकडे आहेत. बाकी ओळीच्या ओळी चित्रखुणांच्या. विमानतळावरच्या पाट्या, विमानातली सुरक्षेची पत्रकं, संगणकावरचे आयकॉन, इमोजी, कंपन्यांचे लोगो अशा नाना ठिकाणांहून खुणा वेचून त्याने एका नोकरदार माणसाचे सकाळी सातपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंतचे चोवीस तास लिहिले आहेत. नायक म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारावरचा तो काळा, गोल डोक्याचा पुरुष. तो गजराने उठतो, शौचालयात ताटकळतो, कामावर जातो, कॉफी कुठल्या दुकानाची घ्यावी यात अडकतो, संगणकावर जोडीदार शोधतो. थोडी पानं उलटली की त्याची भाषा कळू लागते, आणि आणखी थोडी उलटली की आपण चक्क हसतो.

शू बिंगला हे सुचलं २००३ साली, च्युइंगमच्या पाकिटावरून. चघळून झालं की कागदात गुंडाळा आणि कचरापेटीत टाका, ही सूचना तिथे तीन छोट्या चित्रांत दिली होती. तीन चित्रांत एवढं सांगता येतं, तर लांबलचक गोष्ट का सांगता येऊ नये, असा त्याचा प्रश्न. याच माणसाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘बुक फ्रॉम द स्काय’साठी सुमारे चार हजार खोटी अक्षरं घडवून लाकडात कोरली होती. दिसायला अस्सल चिनी, पण चिनी पंडितालाही वाचता येऊ नयेत अशी. आधी कोणालाच न वाचता येणारा ग्रंथ, मग कोणालाही वाचता यावं असं पुस्तक: एकाच चित्रकाराच्या कारकिर्दीत ही दोन टोकं आली.

‘बुक फ्रॉम द ग्राउंड’चा दुसरा भाग पुस्तकाइतका गाजला नाही. मला मात्र तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. २००७ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शू बिंगने दोन संगणक मांडले आणि मधे एक आडोसा ठेवला. प्रेक्षक समोरासमोर बसून टंकत, आणि त्यांची वाक्यं पडद्यावर चित्रखुणांत उतरत. इंग्रजीत लिहा किंवा चिनीत, मधली भाषा तीच. पुस्तकात काय सांगायचं आणि काय गाळायचं हे लेखकाने आधीच ठरवलेलं असतं. इथे प्रेक्षक स्वतःचं वाक्य देतो आणि त्यातलं काय पलीकडे पोचतं, काय गळतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. अशा कोणत्याही खुणांच्या कोशात जेवण, घर, गाडी, पाऊस सहज मावतात; ‘बहुतेक’, ‘उगाच’, ‘नाइलाजाने’ मावत नाहीत. आणि रोजचं जगणं तर निम्मं ‘नाइलाजाने’वरच चालतं.

साध्या चित्रखुणा, त्या हाताळायला देणारं डिजिटल माध्यम, आणि विषय म्हणून तुमचं-आमचं दैनंदिन आयुष्य: या तिन्हींच्या भेटीतून गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच काही घडलं आहे. त्यातलं काही संग्रहालयांत आहे, काही खेळ म्हणून विकलं गेलं, काही जाहिरातीच्या पोटात दडलं. ते एका जागी ठेवून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. चित्रखूण माणसाचा चेहरा, वय, गाव, कपडे पुसून टाकते, कारण तिचं कामच ते आहे. पुसलेलं परत भरण्याचं काम ज्या कलाकृती प्रेक्षकाच्या हातावर सोपवतात त्या टिकतात. ज्या नुसत्या खुणा हलवून दाखवतात त्या पाच मिनिटांत विसरल्या जातात.

मुळात खूण कशासाठी होती हे पाहायचं तर व्हिएन्नाला जावं लागतं. १९२५ साली ऑटो नॉयराथ या अर्थतज्ज्ञ-तत्त्वज्ञाने तिथे समाज आणि अर्थव्यवस्थेचं संग्रहालय सुरू केलं. शहराची सत्ता समाजवाद्यांकडे होती. घरं, क्षयरोग, मजुरी, बेकारी यांचे आकडे कामगाराला कळावेत हा हेतू. गेर्ड आर्न्ट्स हा चित्रकार लिनोवर खुणा कोरी. पुढे त्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. मारी रायडेमायस्टर (नंतरच्या मारी नॉयराथ) आकडेतज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या मधे बसून काय दाखवायचं आणि काय सोडायचं हे ठरवत. अवघड काम खरं तर त्यांचं होतं आणि नाव मात्र बराच काळ इतरांचं झालं. नियम साधा: संख्या वाढली तर माणूस मोठा काढायचा नाही, माणसं वाढवायची. १९३५मध्ये या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव मिळालं, तोवर ही मंडळी फॅसिस्टांमुळे व्हिएन्ना सोडून हेगला पोचली होती; १९४०मध्ये नॉयराथ आणि मारी तिथूनही निसटून इंग्लंडला गेले.

आर्न्ट्सचा बेकार माणूस पाहावा. टोपी, किंचित झुकलेले खांदे, हात खिशात. बस्स. हात खिशात आहेत म्हणजे हातांना काम नाही. रांगेने अशी वीस माणसं छापली की तक्ता होतो; एकटा पाहिला तर ती व्यक्ती वाटते. खूण आणि चित्र यांच्या सीमेवरचा हा माणूस पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पूर्वज आहे. नंतर ज्या खुणा जगभर पसरल्या त्यांत हे खिशातले हात राहिले नाहीत.

कारण पुढची खूण हुकूम देण्यासाठी घडली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहुण्यांना जपानी लिपी वाचता येईना म्हणून कात्सुमी मासारू यांच्या देखरेखीखाली खेळांच्या आणि सोयींच्या खुणा तयार झाल्या. १९७२मध्ये म्युनिकसाठी ओट्ल आयखरने माणसाचं शरीर ठरावीक तुकड्यांचं आणि ठरावीक कोनांचं केलं. १९७४मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी रॉजर कुक आणि डॉन शॅनॉस्की यांनी ३४ खुणा काढल्या. त्या कोणालाही फुकट वापरायची मुभा असल्यामुळे शू बिंगचा नायक आज जगातल्या हर विमानतळावर उभा आहे. इकडे जा, तिकडे जाऊ नका, इथे थांबा, पुरुष इकडे, बाया तिकडे: या भाषेत आज्ञार्थ सोडून दुसरा अर्थ नव्हता. अपवाद मेक्सिको सिटीच्या मेट्रोचा. १९६९ साली तिथे लान्स वायमनने प्रत्येक स्थानकाला त्या-त्या जागेची खूण दिली; चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण जागेच्या नावातच नाकतोडा आहे. तिथली खूण हुकूम सोडत नाही, ती पत्ता सांगते.

हुकमाच्या भाषेत गोष्ट शिरली ती पडद्यावरून, तीही खेळण्यांतून. १९८०मध्ये निन्टेन्डोने ‘गेम अँड वॉच’ काढलं. त्यातल्या द्रवस्फटिक पडद्यावर माणसाची प्रत्येक मुद्रा आधीच पक्की बसवलेली असे. बटण दाबलं की एक मुद्रा विझे आणि दुसरी पेटे. हालचाल अशी नव्हतीच, खुणांची रांग होती आणि ती रांग तुमच्या अंगठ्याने चाले. १९८४मध्ये सुझन केअर यांनी मॅकिन्टॉशसाठी बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांच्या चौकटीत कचऱ्याचा डबा, हसरा संगणक आणि बाँब बसवले. कचेरीतलं सामान पडद्यावर आलं, पण कचेरीतला माणूस आला नाही.

तो १९९६च्या नोव्हेंबरात आला, अंड्याच्या आकाराच्या खेळण्यातून, आणि माणूस म्हणून आलाच नाही. तामागोचीच्या इवल्या पडद्यावर एक ओबडधोबड जीव आणि वर-खाली मिळून आठ खुणा: अन्न, दिवा, खेळ, औषध, स्वच्छता, तब्येत, दटावणी आणि ‘लक्ष द्या’. एवढ्या आठ खुणांत घर चालवण्याचा सगळा व्याप आला आहे. बाळंतिणीला किंवा घरात म्हाताऱ्या माणसाचं करणाऱ्याला ही यादी समजावून सांगावी लागणार नाही. आणि या खेळण्याची खरी कल्पकता अशी की ते तुमच्या वेळेला जुमानत नसे. शाळेच्या तासाला, रात्री, जेवताना ते भुकेजे. रोजच्या जगण्याचं चित्र काढणं वेगळं आणि रोजच्या जगण्यात घुसणं वेगळं. दुसरं आधी खेळण्याने केलं, कलादालनांना नंतर सुचलं. दुर्लक्ष झालं तर तो जीव मरे. जपानी आवृत्तीत तिथे भूत आणि थडगं दिसे, अमेरिकेत गेल्यावर त्याचं पंखवाला देवदूत झालं. सार्वत्रिक म्हणवणारी खूण मरणाच्या दारात पोचल्यावर लगेच स्थानिक झाली, ती अशी.

तीनेक वर्षांनी, २०००च्या फेब्रुवारीत, विल राइटचा ‘द सिम्स’ आला. १९९१मध्ये ओकलंडच्या वणव्यात राइटचं घर जळालं होतं. संसार पुन्हा उभा करताना वस्तू आणि माणसाचं सुख यांच्या नात्याबद्दल जे प्रश्न पडले त्यातून हा खेळ निघाला. सिम माणसं एक अर्थहीन बोली बोलतात आणि काय बोलतात ते डोक्यावरच्या फुग्यातल्या खुणेतून कळतं. फुग्यात कधी पलंग, कधी ताट, कधी दुसऱ्याचा चेहरा, त्यावर कधी फुली. हे भांडण कशावरून हे खेळ सांगत नाही, तुम्ही ठरवता. लाखो खेळाडूंनी या तुटपुंज्या खुणांवरून आपल्या घरातली भांडणं वाचली. कॉमिक्सचा अभ्यासक स्कॉट मक्लाउड याने १९९३मध्ये मांडलं होतं की चेहरा जितका साधा तितका वाचक त्यात स्वतःला पाहतो. ते अर्धंच खरं आहे असं माझं मत. स्वच्छतागृहाच्या दारावर चेहरा सगळ्यांत साधा आहे, पण तिथे कोणी स्वतःला पाहत नाही. ओळख पटते ती कृतीमुळे.

कलावंतांकडे येऊ. अमेरिकेत मायरन क्रूगरने १९७०च्या दशकातच ‘व्हिडिओप्लेस’मध्ये प्रेक्षकाची सावली पडद्यावर घेऊन तिला इतर आकृत्यांशी खेळायला लावलं होतं. म्हणजे प्रेक्षकच खूण झाला. ब्रिटनचा ज्युलियन ओपी गोल डोक्यांची, जाड रेषेची माणसं दिव्यांच्या पडद्यावर चालवतो. ती देखणी आहेत, शहराच्या चौकात शोभतात, पण ती आपल्याला ओळखत नाहीत. नेदरलँड्सच्या हान होगरब्रुगाने १९९८पासून ‘मॉडर्न लिव्हिंग’ या मालिकेत सुटाबुटातल्या स्वतःच्याच रेखाकृतीला इंटरनेटवर बसवलं. माउस फिरवला की तो माणूस वाकतो, फुटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तेच. एकटेपणाचे, सवयींचे, चिडीचे हे तुकडे आजही ताजे वाटतात, कारण त्या माणसाचा छळ आपल्या बोटाने चाललेला असतो.

त्याच सुमारास चीनमध्ये झू झीछियांगने ‘शियाव शियाव’ नावाच्या मालिकेत काड्यांच्या माणसांच्या हाणामाऱ्या काढल्या आणि त्या जगभर पाहिल्या गेल्या. पुढे नाइकीने जाहिरातीत तसाच काडीमाणूस वापरला तेव्हा झूने दावा लावला. २००४मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने त्याला तीन लाख युआन भरपाई मंजूर केली. २००६मध्ये वरच्या न्यायालयाने ती फिरवली. गोल डोकं आणि पाच रेषा कोणाच्याच मालकीच्या नाहीत, असा एकूण सूर. या क्षेत्राच्या दृष्टीने हा निकाल बरा झाला, आणि झूचं दुःखही समजण्यासारखं आहे: चित्र जितकं साधं तितकं ते चोरलं गेलं हे सिद्ध करणं अवघड.

२०१४च्या उन्हाळ्यात लिस्बनमध्ये पादचाऱ्यांच्या सिग्नलवरचा लाल माणूस नाचू लागला. चौकाजवळ एका खोक्यात शिरून कोणीही नाचावं, त्याची हालचाल टिपून त्याच क्षणी सिग्नलवरच्या आकृतीत उतरे. थांबलेल्या लोकांना आत कोण नाचतंय ते दिसत नसे. लाल माणूस तेवढा वाकडातिकडा होताना दिसे. सिग्नलला थांबणाऱ्यांत ८१ टक्के वाढ झाली, असं हे घडवणाऱ्या मोटार कंपनीच्या जाहिरातीत म्हटलं होतं. आकडा जाहिरातवाल्यांचा आहे, मोहीमही मोटार विकण्यासाठी होती. तरी कल्पना पहिल्या प्रतीची. ज्या खुणेचं आयुष्य ‘थांब’ म्हणण्यात गेलं, तिच्यात एका अनोळखी बाईचा किंवा आजोबाचा ठेका शिरला आणि लोक तिच्यासाठी थांबले. याच्या उलट २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात निळ्या-पांढऱ्या वेषातल्या कलाकारांनी पन्नास खुणा अंगाने करून दाखवल्या. मजा आली, जगाने टाळ्या वाजवल्या. पण तिथे माणूस खुणेसारखा झाला. लिस्बनमध्ये खूण माणसासारखी झाली होती.

सर्वांत सरस काम छोट्या खेळांत झालं आहे असं मी म्हणेन, आणि त्यांना ‘खेळ’ म्हणून बाजूला सारणाऱ्या कलासमीक्षकांनी थोडा वेळ काढून ते खेळून पाहावेत. २००७मध्ये रॉड हंबलने ‘द मॅरेज’ केला: एक निळा चौकोन, एक गुलाबी चौकोन, ते जवळ येतात, लहान-मोठे होतात. संसार म्हणून तो फसला, कारण लेखकाचा खुलासा वाचल्याशिवाय काहीच लागत नाही. त्याच वर्षीचा जेसन रोहररचा ‘पॅसेज’ शंभर बाय सोळा ठिपक्यांच्या पट्टीत पाच मिनिटांत अख्खं आयुष्य उरकतो. वाटेत एक स्त्री भेटते. तिच्याशी जोडी जमली की ती बरोबर चालते, आणि मग काही अरुंद वाटांत दोघांना शिरता येत नाही, पलीकडची पेटी हुकते. लग्नाबद्दल एवढं खरं आणि एवढं न बोलता कमी ठिकाणी सांगितलं गेलं असेल. म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२मध्ये पहिले चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले तेव्हा त्यांत ‘पॅसेज’ होता आणि ‘द सिम्स’ही.

२००९च्या डिसेंबरातला ‘एव्हरी डे द सेम ड्रीम’ हा पाओलो पेदेर्चिनीचा खेळ माझा लाडका. करडा पडदा, चेहरा नसलेला माणूस. उठतो, कपडे घालतो, बायको उशीर झाला म्हणते, लिफ्ट, गाड्यांची रांग, साहेब, मग एकसारख्या खोपट्यांच्या लांबच लांब ओळीतलं आपलं खोपटं. तिथे बसलं की पुन्हा सकाळ. आणि पुन्हा सकाळ. लिफ्टमधली म्हातारी सांगते की पाच पावलं टाकलीस की तू नवा माणूस होशील. कुठली पाच, ते सांगत नाही. मग तुम्ही वेडंवाकडं वागू लागता. कपडे न घालता निघता. गाडी सोडून कडेला चरणाऱ्या गाईजवळ जाता. गळणारं पान झेलता. या साऱ्या पळवाटा पडद्यावर पहिल्या दिवसापासून होत्या. सवयीमुळे बाण उजवीकडेच दाबला गेला. कंटाळ्याबद्दल लिहिणं सोपं. वाचकाला स्वतःच्या आज्ञाधारकपणाचा कंटाळा आणणं अवघड, आणि ते इथे चेहराहीन आकृतीमुळेच साधलं. त्या माणसाला नाक-डोळे असते तर आपण त्याची कीव करून मोकळे झालो असतो.

मेलबर्नच्या मंडळींचा ‘फ्लॉरेन्स’ (२०१८) याहून मवाळ आहे आणि त्यातली माणसं रंगीत, चेहऱ्याची आहेत. पण संवाद रिकाम्या फुग्यांचे. फ्लॉरेन्स आणि भारतीय वंशाचा क्रिश पहिल्यांदा बोलतात तेव्हा फुगा जुळवायला खूप तुकडे असतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडणात तुकड्यांना टोकं येतात. क्रिश राहायला येतो तेव्हा फडताळातलं कोणाचं काय ठेवायचं, कोणाचं माळ्यावर टाकायचं हे तुम्ही ठरवता. वस्तू साध्याच: बूट, कप, पुस्तकं. एकत्र राहायला लागलेल्या कोणत्याही जोडप्याला तो फडताळाचा प्रसंग जड जाईल.

याच जातीचा, पण सार्वजनिक प्रश्नाकडे वळलेला प्रयोग म्हणजे व्ही हार्ट आणि निकी केस यांचा ‘पॅरबल ऑफ द पॉलिगॉन्स’ (२०१४). चौकोन आणि त्रिकोण शेजारी राहतात; शेजारी आपल्यासारखे अगदीच थोडे असले की त्यांना करमत नाही. तुम्ही त्यांना उचलून हवं तिथे ठेवता, आणि बघता बघता वस्त्या फाटतात, जरी कोणीच कट्टर नसलं तरी. थॉमस शेलिंगचा गणिती नमुना बोटाने कळतो. मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत घर भाड्याने मागायला गेलेल्यांना हे त्रिकोण-चौकोन अनोळखी वाटणार नाहीत. ‘मिनी मेट्रो’ या खेळात प्रवासी असेच गोल-त्रिकोण-चौकोन आहेत आणि एक नकाशा खुद्द मुंबईचा आहे. वर्तुळाला वर्तुळाच्या स्थानकावर जायचं असतं, गर्दी साठत जाते आणि शेवटी कुठलं तरी स्थानक तुंबून खेळ संपतो. छान खेळ, पण त्यातली मुंबई वरून पाहिलेली आहे; डब्यात शिरल्यावरची नाही.

इथे अवघड प्रश्न येतो: हे ‘रोजचं जगणं’ कोणाचं? शू बिंगच्या नायकाच्या दिवसात कॉफीच्या दुकानांचे लोगो हे शब्दांसारखे वापरले आहेत, कारण ते जगभर ओळखले जातात. म्हणजे जगाला कळणारा दिवस म्हणजे जागतिक बाजारात खरेदी करणाऱ्याचा दिवस. १९९९मध्ये शिगेताका कुरिताने जपानी मोबाइलसाठी बारा बाय बारा ठिपक्यांत १७६ इमोजी काढले तेव्हा त्यांत जपानी शहरातल्या तरुणाचा दिवस होता, आणि तो तसा असण्यात काही गैर नव्हतं. २०१०मध्ये ते युनिकोडमध्ये जाऊन जगाचे झाले, तेव्हा उणीव दिसू लागली. साडी, ऑटोरिक्षा, पणती आणि देऊळ इमोजींत आले ते २०१९ साली.

गूगलच्या ‘क्विक, ड्रॉ!’ने २०१६मध्ये उलटा रस्ता धरला. संगणक शब्द देतो, तुम्ही वीस सेकंदांत चित्र काढता, तो ओळखायचा प्रयत्न करतो. पुढल्या वर्षी कंपनीने ३४५ शब्दांची पाच कोटी चित्रं खुली केली. एखादा शब्द निवडून हजारो अनोळखी हातांनी घाईत काढलेल्या खुर्च्या किंवा कप एका पडद्यावर पाहणं हा विलक्षण अनुभव आहे. मात्र शब्द कंपनीचे. पोळपाट काढायला कोणी सांगितलंच नाही, म्हणून तो पाच कोटींत नाही.

भारतात या प्रश्नाचा अनुभव कलादालनापेक्षा जुना आणि मोठा आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. पुढे निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी १९९२मध्ये निवृत्त होईपर्यंत घराघरातल्या वस्तूंची चिन्हं काढली. मोकळ्या चिन्हांच्या यादीत कपबशी, शिट्टी, नारळ, शिवणयंत्र, प्रेशर कुकर, गॅस सिलिंडर, रोडरोलर हे सगळं सापडतं. पेन्सिलीने काढलेली, थोडी छाया दिलेली ती कपबशी आयखरच्या भूमितीला मुळीच जुमानत नाही, आणि सांगलीच्या बाजारात कोणीही ती बिनचूक ओळखतं. मतदान यंत्रावर चिन्हाशेजारचं निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि शेजारच्या खिडकीत सात सेकंद त्याच चिन्हाची चिठ्ठी दिसते. याला कोणी कलाकृती म्हणणार नाही. पण चित्रखूण, हात आणि परिणाम यांची एवढी मोठी जुळणी जगात दुसरीकडे सापडणं कठीण.

पवईच्या आयआयटीत आयडीसी या आरेखन विभागाचे रवी पूवय्या यांनी सार्वजनिक जागांच्या चिन्हांवर काम केलं. बंगळुरूत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या इंद्राणी मेधी यांनी २००५नंतर वस्त्यांतल्या निरक्षर स्त्रियांसाठी बिनशब्दांचे पडदे तयार केले. त्यांना आढळलं की कृती दाखवायची तर नुसता नळ पुरत नाही, नळातून पाणी भळाभळा वाहताना दाखवावं लागतं. भांड्यातून वाफ निघावी लागते. कलावंतांनी या संशोधनाकडे फारसं पाहिलं नाही याची हळहळ वाटते. रोजचं काम कसं काढायचं याची इतकी काटेकोर तपासणी कोणत्याच दालनात होत नाही.

ऑगस्ट २०२०मध्ये दादर-माहीमच्या सिग्नलांवर झग्यातली स्त्री झळकली, तेव्हा कौतुक झालं आणि टीकाही: चालणारी बाई झग्यातच का? त्याआधी पश्चिम रेल्वेने महिलांच्या डब्यावरची डोक्यावर पदर घेतलेली बाई बदलून नव्या वेषातली नोकरदार स्त्री आणली होती. दोन्ही बदल स्त्रीचा दिवस बदलला हे मान्य करणारे. दोन्हींत ती कशी दिसावी हे वरून ठरलं. लिस्बनसारखा एक खोका दादरला ठेवला असता, तर त्या खांबावर फळवाल्या मावशी, डबेवाले, शिवाजी पार्कावर फेऱ्या मारणाऱ्या आज्या, सगळ्यांची चाल एकेका दिवसाने आली असती. महापालिकेला फुकट सुचवतो.

या चर्चेत कोणी तरी वारली चित्रं पुढे करतंच. त्रिकोण, वर्तुळ, रोजची कामं: मग काय उरलं? बरंच उरलं. पालघरकडच्या भिंतीवरचा चौक लग्नासाठी सुवासिनी लिहितात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणलेली गर्दी सुद्धा एका विशिष्ट गावाची, शेताची, जाळ्याची आहे. दोन त्रिकोण टोकाला जुळवले की तोल बदलतो आणि शरीर हलतं, ही त्यातली तांत्रिक करामत पडद्यावर काम करणाऱ्याने अवश्य शिकावी. पण ती आकृती तोडून मोबाइलच्या बटणावर बसवणं म्हणजे तिच्यातला पत्ताच पुसणं.

जे झालं त्यातलं बरंच आज उघडत नाही, हीही नोंद करायला हवी. होगरब्रुगाची मालिका, झूचे काडीमाणूस, पेदेर्चिनीचा खेळ, हे सगळं अडोबीच्या फ्लॅशवर उभं होतं. कंपनीने ३१ डिसेंबर २०२०ला त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१पासून तो आशय चालणं बंद पडलं. इंटरनेट आर्काइव्हने २०२०च्या नोव्हेंबरात रफल या अनुकारकाच्या आधाराने जुनी चलचित्रं चालू ठेवली, फ्लॅशपॉइंटच्या स्वयंसेवकांनी हजारो खेळ साठवले. आर्न्ट्सच्या लिनोवरच्या खुणा शंभरेक वर्षं झाली तरी छापता येतात. वीस वर्षांपूर्वीचा माउसने हलणारा माणूस पाहायचा तर आधी मेलेलं यंत्र पुन्हा घडवावं लागतं.

आणि शेवटची अडचण, जी शू बिंगपासून खेळवाल्यांपर्यंत बहुतेकांनी टाळली. ‘सगळ्यांना कळणारी’ ही भाषा न दिसणाऱ्याला कळत नाही. दृष्टिहीन वापरकर्त्याचा फोन चित्रखूण वाचतो तेव्हा तिचं नाव उच्चारतो; युनिकोडच्या भाषाकोशात ती नावं मराठीतही आहेत. ‘पॅसेज’ किंवा ‘एव्हरी डे द सेम ड्रीम’मधल्या माणसाला मात्र असं नावच दिलेलं नाही, त्यामुळे फोन तिथे काहीच उच्चारत नाही. पुढचं काम करणाऱ्यांनी प्रत्येक आकृतीबरोबर एक ऐकू येणारं नाव, एक आवाज, एक थरथर द्यायची तर तंत्र सगळं हाताशी आहे. तामागोची भूक लागली की १९९६मध्येही पिपाणी वाजवीतच होतं.